दुसऱ्यासाठी

नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावर
मी काढलेली स्क्रीन अशी होती:
एक माणूस, एक फोन, एक गाडी,
निळ्या ठिपक्यापासून लाल ठिपक्यापर्यंत एक रेघ.
आता एकाच फोनवरून एकाच वेळी
अनेक गाड्या मागवता यायला हव्या होत्या.
एवढंच.
मी दुपारीच तीन खाने आखले, एकाखाली एक,
प्रत्येकावर लिहिलं: कोणासाठी?
आणि खाली दोन गोल बटणं.
माझ्यासाठी. दुसऱ्यासाठी.

साहेब म्हणाले, फाट्यावर बसून ये दोन दिवस.

घाटंजीच्या अलीकडे, पंक्चरच्या टपरीत,
हवा भरायच्या मशीनकडे पाठ केली
तरच नेटवर्क येतं.
म्हणून अर्ध्या गावाच्या गाड्या शेषराव आत्राम मागवतो.
त्याच्या फोनची काच उभी तडकलेली,
वर ट्यूबचं सोल्युशन.

सकाळी साडेसहा.
जनाबाईला यवतमाळला जायचं, मशीनवर रक्त धुवायला.
कुंदाचा पेपर पांढरकवड्याला, अकरा वाजता.
आणि बँडपार्टीचा टेम्पो निघून गेल्यावर
मागे राहिलेला इस्माईल,
काखेत ट्रंपेट, अंगात लाल कोट, पायात स्लिपर.
शेषरावनं पहिली गाडी मागवली. दुसरीला
माझं अ‍ॅप म्हणालं,
तुमचा प्रवास आधीच सुरू आहे.

"मी कुठी जाऊन राह्यलो बाप्पा?" तो फोनला म्हणाला,
"मी तं इथंच आहो."

मग त्यानं नेहमीचंच केलं:
गाडी आली की बुकिंग रद्द, नवीन बुकिंग, पुन्हा रद्द.
रद्द केल्याचे पंचवीस पंचवीस रुपये
भिंतीवर खडूनं लिहिलेले,
महिनाभराचे.
हा नियमही मीच लिहिला होता.
मी चहा प्यायले, बोलले नाही.

दुपारी त्याला माझे तीन खाने दाखवले.
त्याचं बोट दोन्ही बटणांच्या मधोमध थांबलं.
"जनाबाई मंजे माझ्यासाठी का दुसऱ्यासाठी?"
दुसऱ्यासाठी, मी म्हटलं.
"असं कसं?"
तेवढ्यात कोणाचं तरी चाक आलं,
आणि तो प्रश्न तसाच पाण्याच्या टपात
ट्यूबबरोबर बुडबुडे सोडत राहिला.
जाता जाता त्यानं विचारलं,
"पन पयसे कोन देईन, थे कुठी लिहाचं?"
त्यासाठी मी जागाच ठेवली नव्हती.

संध्याकाळी जनाबाई परतली, दंडाला पट्टी.
ड्रायव्हरला सांगायचा कोड
तिला वाचता येत नाही, म्हणून ती पाठ करते:
चार पोरी, सात नातवंडं, एक म्हैस, दोन वासरं.
सत्तेचाळीस बारा.
"पन दर खेपेले आकडा बदलवतेत. मांगच्या बारीले
म्हशीच नऊ झाल्या.
एवढ्या कुठून आनू?"
ती इतकी हसली की खोकला लागला.

लॉजवर रात्री मी बटणं खोडली.
नुसतं नाव ठेवलं, आणि त्याखाली पैसे कोणाकडून.
जनाबाईचा कोड कायमचा एकच.
मीटिंगमध्ये सुरक्षेवाल्यांनी तो काढला.
नाव राहिलं. पैसे राहिले.
एकावेळी किती गाड्या, यावर तासभर गेला,
शेवटी तीन ठरल्या,
कारण चित्रात तीनच खाने होते.

दिवाळीनंतर पाहायला गेले.
परतताना माझा फोन बंद पडला.
शेषरावनं तडकलेल्या काचेवर माझं नाव घातलं,
'नागपूरवाली ताई', आणि थांबला.
"तिनाच्या वर नाई घेत थे.
तुमीच केलं नं?
जनाबाई यवतमाळले पोचली का तुमचा नंबर."

मी जुन्या टायरवर बसले.
ट्रकमागून ट्रक गेले, सरकीचे, एक नुसता गवताचा.
पावणेदोन तासांनी गाडी मिळाली, कोड आला.
साठ अडतीस.
सहा ट्रक, असं मी सुरू केलं,
आणि पुढच्याच आकड्याला अडले.
शून्य आलं की जनाबाई काय मोजते,
ते विचारायचं राहूनच गेलं.