लाभ, दोन, तीन

हळद बोटांवरून जात नाही,
त्यामुळे माझ्या कीबोर्डची कुठली बटणं जास्त चालतात
ते कुणीही सांगेल.
सगळ्यात पिवळं
खोडायचं.

दिवसा सांगलीच्या मार्केट यार्डात
अडतीवर शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहिते.
रात्री भांडी झाली की ओट्यावर लॅपटॉप,
पुतण्याचा जुना, बिजागरीला चिकटपट्टी.
वय बेचाळीस. विश्रामबागच्या क्लासात
माझ्याखालोखाल मोठी मुलगी एकोणीस वर्षांची.

पहिल्या रात्री भूपाल मगदूम, कवठेपिरान.
दोन पोती : बावन्न किलो, अठ्ठेचाळीस किलो.
बेरीज आली पाच हजार दोनशे अठ्ठेचाळीस.
हसले. मग घाबरले.
मग तोंडी परत मिळवून बघितलं, न जाणो.
मॅडम म्हणाल्या, आकडे अवतरणात टाकलेत तुम्ही,
त्याच्या लेखी ती अक्षरं. वजनं नव्हेत.
अक्षरं शेजारी शेजारी बसतात नुसती,
एकमेकांत मिसळत नाहीत.
जावाजावांसारखी, मी म्हटलं.
एकोणीस वर्षांची हसली नाही. तिचं लग्न व्हायचंय.

दुसऱ्या रात्री 'एकूण'चा णू की कू, कुठलातरी ऱ्हस्व पडला.
यंत्र म्हणालं, या नावाचं इथं कुणी राहत नाही.
ते नीट केलं तर सतराव्या ओळीकडं बोट.
सतरावी मी सात वेळा वाचली.
तिचा बिचारीचा काही गुन्हा नव्हता.
चौदाव्या ओळीत एक कंस
गोठ्याच्या दारासारखा उघडा राहिलेला,
आणि म्हैस सापडली तीन घरं पुढं.

तिसऱ्या रात्री मोजणी पुढं सरकवायची ओळ विसरले
आणि
रावसो आवटी
रावसो आवटी
रावसो आवटी
रावसो आवटी
एकच पोतं गाडीतून उतरतंय, उतरतंय, उतरतंय.
थांबवायचं कसं माहीत नव्हतं.
झाकण मिटलं, वर उशी ठेवली.

मग सगळं चालायला लागलं. लाल अक्षर नाही एक.
आणि रोज एक पोतं कमी.

ओरडणारी चूक परवडली.
ही गप्प. नेसून-सवरून बसलेली.
दुकानात कुणाला सांगावं? मालक म्हणतील, वहीच बरी.
आठ दिवस वही आणि यंत्र
दोघांची समजूत घालत राहिले.

आप्पा चाळीस वर्षं याच यार्डात मापाडी.
आता डोळ्यांना पोतं दिसतं, त्यावरचं नाव दिसत नाही.
पलंगावरून म्हणाले, काय पुटपुटतीस मघाधरनं?
मोजतेय, म्हटलं. एक, दोन, तीन.
"एक? एक कोण म्हणतं गं?
पहिल्या मापाला लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन.
एकपासनं धरलंस, तर लाभ गेला की तुझा."

वहीत होतं. माझ्याच हातचं, खाली दोन रेघा मारलेलं :
यादी शून्यापासून सुरू होते.
आणि मी रोज एकपासून हाका मारत होते.
शून्याच्या घरात सकाळचं पहिलं पोतं
तोंड शिवलेलं, दाराशी उभं,
आपलं नाव कधी येतंय म्हणून.

एकाच्या जागी शून्य. एवढंच काम.
ते बटण आजवर पांढरं होतं.
वहीचा आणि पडद्याचा आकडा सारखा आला तेव्हा
आप्पांना सांगायला वळले, तर झोपलेले.
बरंच झालं. लाभाला शून्य म्हणतात
हे त्यांच्या गळी कसं उतरवलं असतं?

काल अमावास्या. यार्ड बंद, एक पोतं नाही.
सवयीनं चालवला,
तर सरासरी काढायला गेला आणि पडला.
शून्यानं भागता येत नाही, म्हणतो.
अरे बाबा, सुट्टी आहे आज.
हे त्याला कुठल्या ओळीत सांगायचं,
ते मॅडमना विचारायला
हातावर लिहून घेतलंय.
हळदीवर पेन उठत नाही नीट.