खारीचं मूळ गाव

सोसायटीच्या अर्जात रकाने चार:
नाव, जात, लसीची तारीख, मालकाची सही.
नाव खारी, चहात बुडवायच्या खारीचा रंग म्हणून.
जात लॅब्राडोर. लस जूनमध्ये दिली.
मालक कोण, यावर घरात अजून एकमत नाही.
मूळ गाव कोणी विचारलंच नाही,
एरवी बेलापुरात लिफ्टमध्ये तिसऱ्या वाक्याला विचारतात.

म्हणून सांगते.
हिच्या खापरपणज्या थंड समुद्राकाठच्या,
तिकडे कॅनडाच्या टोकाला, न्यूफाउंडलंडात.
होडीतून उडी मारायची,
गळातून सुटलेला मासा तोंडात धरायचा,
पण दात लावायचा नाही.
जाळ्याचा दोर ओढत काठाला आणायचा.
पगार म्हणजे उरलीसुरली मासळी.
ती भूक हिच्या रक्तातून अजून उतरलेली नाही.

सासरे म्हणायचे, हे काही राखणीचं जनावर नव्हे,
चोर आला तर त्याला फ्रिज दाखवील.
खरंच होतं. कुरिअरवाला, गॅसवाला,
मीटर वाचायला येणारी मुलगी, सगळे हिचे पाहुणे.
शेवटची दोन वर्षं सासऱ्यांचा हात थरथरायचा,
घास ताटाबाहेर जायचा.
ही शेजारी बसून.
खाली पडलेलं तेवढं उचलायची,
हातातलं कधी ओढलं नाही.
दात लावायचा नाही, हे हिला कोणी सांगितलं होतं?

आता ती नऊ वर्षांची.
डॉक्टर मुकादम म्हणतात, चौतीस किलो, तीन तरी उतरवा,
मागच्या सांध्यांवर ओझं येतंय.
खाणं वाटीनं मोजून. पोळीचा कोपरा बंद.
द्राक्षं, चॉकलेट यांचं नावही नको.
फरशीवर पाय घसरतात, तर मी पॅसेजभर सतरंज्या घातल्यात,
घर कायम बारशाला मांडल्यासारखं.
केसांचं काय सांगू!
वरणात एखादा निघाला तर आता कोणी बोलत नाही.
मे महिन्यात पहाटे साडेपाचला निघतो,
परतताना डांबरावर आधी माझा तळहात टेकवते,
तवा तापलाय का बघावं तसा.

परवा दिवाळ्याच्या जेट्टीपर्यंत गेलो.
ओहोटी लागलेली. काथोडदादा एकटेच दोर ओढत होते,
मुलगा मॉलमध्ये नोकरीला.
खारीनं पट्टा माझ्या हातातून सोडवला,
दोराचं टोक तोंडात धरलं,
दुखरे पाय चिखलात रोवले
आणि उलटी चालत ओढू लागली.
भुंकली नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
नऊ वर्षांत हिनं सोफ्याच्या खोळीशिवाय
काही ओढलेलं मला आठवत नाही.

“हिला कोनी शिकवला गो?”
मी म्हटलं, गावाकडची आहे.
त्यांनी मान डोलावली, जणू एवढं पुरे,
आणि दोन बोंबील टाकले तिच्यापुढे. मजुरी.
डॉक्टरांना हे कळवलेलं नाही.

घरी कोमट पाण्यानं पाय धुतले.
बोटांमधला पातळ पडदा, बदकाच्या पायासारखा,
पसरून पसरून कोरडा केला.
लोंबते कान उलटे करून कापसानं पुसले,
आत ओल राहिली की ठणकतात.
दुपारभर ती सतरंजीवर झोपेत पाय मारत होती.
अंगाला खाडीचा वास.

अर्ज फ्रिजवर चुंबकाखाली आहे.
चौथा रकाना रिकामा.