जमेच्या बाजूला

किर्द माझ्याकडे आहे, एकोणीस वर्षं.
सेमिनरी हिल्सच्या या कॉन्व्हेंटात
साबणाच्या वडीपासून शवपेटीपर्यंत
सगळं माझ्या हातून निळ्या शाईत उतरतं.
आफ्रिका नेहमी नावे पडलेली:
मिशन रविवारची पेटी, इतके.
मलेरियाच्या गोळ्या, इतके.
सिस्टर बेनिग्नाचं विमानाचं तिकीट, एकेरी.
जमेच्या बाजूला त्या नावासमोर
कधी टिंबसुद्धा पडलं नव्हतं,
आणि मला त्यात काही खटकलंही नव्हतं,
खरं सांगते.

चैत्रात सिस्टर मुटिंटा आली
झांबियाहून, नर्सिंग शिकायला.
उंच. आमच्या दारांतून वाकून जाणारी.
पहिल्याच सकाळी तर्री-पोहे,
डोळ्यांतून पाणी, तरी ताट पुढे.
पंचफुलाबाई म्हणाली, "खाऊ द्या बाप्पा,
पोरगी आपलीच हाय."
मग तिने पेटीच्या तळातून काढला
दुधाच्या पावडरचा डबा,
झाकण मेणबत्तीच्या मेणाने बंद केलेलं,
आणि ठेवला माझ्या टेबलावर,
उघड्या किर्दीच्या बरोब्बर वर.

आत नाणी. कोंबडीच्या खुराड्याचा वास.
आणि घडी घातलेला एक कागद:

आम्ही पाच जणी, एका टेकाडावर.
आजवर लोक आमच्याकडे यायचे,
विहीर घेऊन, औषध घेऊन, शुभवार्ता घेऊन,
आणि आम्ही हात पुढे करायला शिकलो,
फारच चांगलं शिकलो.
बेनिग्नाने शेवटच्या दुखण्यात विचारलं,
तुम्हीसुद्धा पाठवलेल्या आहात,
हे कुणी सांगितलंच नाही का तुम्हाला?
तिला पुरल्यावर आम्ही आठवडाभर भांडलो.
एक म्हणाली, आधी आपल्या छपराचं बघा.
मग अंडी विकली.
शेजारच्या दोन कॉन्व्हेंटांत जाऊन बोललो:
एकीकडे हसल्या,
दुसरीकडे हसल्या आणि पैसे दिले.
बेनिग्ना तुमच्या नवतप्याचं सांगायची,
डांबर चपलेला धरून ठेवतं म्हणे,
माणूस चालता चालता खाली बसतो.
त्याच्या पाण्याला हे लावा.

सदरच्या बँकेतला पोरगा भला होता.
"नोटा असत्या तर पाहिलं असतं, सिस्टर.
चिल्लर कोणी घेत नाही जी."
ऑटोत डबा मांडीवर,
प्रत्येक गतिरोधकाला बोलत होता.
आणि मला, लाज वाटते लिहायला,
क्षणभर बरंच वाटलं:
चला, नोंद करायला नको.

रात्री कागद पुन्हा वाचला.
बेनिग्ना अन् मी एकाच दिवशी व्रत घेतलं होतं.
ती गेली तेव्हा विमानतळावर
मी तिला पावती जपून ठेव म्हणाले होते.

चष्म्यासाठी मंजूर झालेले पैसे होते.
कुंभारपुऱ्यातून दोन रांजण आणले,
खाली वाळू, वर ओलं गोणपाट,
फाटकाबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत.
पहाटे पाचला मुटिंटा ते भरते.
काल एका हातगाडीवाल्याने
तीन पेले सलग पिऊन तोंड पुसलं
अन् विचारलं, कोणाची पाणपोई आहे ही?
पंचफुलाबाईने लांब कुठेतरी हात केला,
गोरेवाड्याच्याही पलीकडे:
"तिकडच्या बायांची. अंडी विकून."
तो मान हलवून चौथा पेला भरू लागला.

डबा माझ्या खणात आहे.
जमेच्या बाजूला पहिल्यांदाच ते नाव लिहिलं,
आकड्याच्या जागी: रांजण, दोन.
ताळा लागत नाही.
ऑडिटला गणोरकर साहेब येतील,
भर उन्हात, स्कूटरवर, घामाने डबडबलेले,
चष्मा कपाळावर सारून ओळीवर बोट ठेवतील:
सिस्टर, हे काय?
मला तर ती ओळ आताशा धूसरच दिसते.
म्हणेन,
बसा. आधी पाणी घ्या.