अक्षराला तीस रुपये

चोपड्याच्या बस स्टँडमागं
बाविस्कर मोटर रिवायंडिंगच्या पत्र्यावर
पंचवीस वर्षांपूर्वी ‘अँड सन्स’ मीच लिहिलं.
भिका बाविस्करचं तेव्हा लग्नही व्हायचं होतं.
चार अक्षरं, अक्षराला पाच रुपये,
वर एक चहा.

आता भिका नाही. सन्स कधी नव्हतेच.
द्वारकाबाई शिडीपाशी उभी:
‘उखाभाऊ, ते पुसी टाका. तठे डॉटर्स लिखा.
फ्लेक्स नको, इथलं ऊन फ्लेक्स खाई जास.’
आत थोरली तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होती,
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
धाकटी हर्षाली छिन्नीनं जळकं कॉइल काढत होती.

मी बोटांवर मोजलं:
डी, ए, यू, जी, एच, टी, ई, आर, एस.
नऊ त्रिक सत्तावीस. दोनशे सत्तर.
बाई म्हणाली, ‘आखो म्हना.’
म्हटलं, डॉटर्स.
‘यामा जी कोठे शे? एच कोठे शे?’
ते बोलत नाहीत, बाई.
‘जे बोलंत नही, तेना पैसा कसाना?’

आता मला इंग्रजी येत नाही.
मला वळण येतं.
जी-एचची ही जोडी मी गावभर लिहिलीय.
डे-नाइट मेडिकलच्या रात्रीत ती आहे,
लाइट फिटिंगच्या उजेडात आहे,
जिनिंगच्या वे-ब्रिजवर, वजनात,
हायस्कूलच्या उंचीत.
कुठंच तोंड उघडत नाही.
तरी ब्रश तेवढाच झिजतो,
रंग तेवढाच लागतो.
हे बाईला कसं सांगावं?

हर्षालीनं छिन्नी खाली ठेवली.
‘आई, नाइटमधून ही दोघं काढ.
निट उरतं. निट म्हणजे लीख.
एवढी मोठी रात्र, आणि डोक्यात लीख.
साइटमधून काढ, सिट उरतं.
डोळे म्हणायचं होतं,
पाटी म्हणते, खाली बस.
फाइटमधून काढ. फिट.
लढायला निघालेला माणूस
मापात बसला.’

आणि बोलतात कुठं, मी विचारलं.
‘घोस्टमध्ये. तिथं पहिलेच उभे राहतात, काका,
आपल्या घरासारखा, घामासारखा घ.
मेल्यावर कोणाची भीती?
लाफमध्ये फ होतात,
हसताना दातांतून वारा सुटतो, तसा.’
आणि डॉटरमध्ये?
‘सर म्हणतात, पूर्वी बोलायचे. घशातून, ख काढून.
मग लोकांनी बोलायचं सोडलं.
पुसायचं मात्र कोणाला जमलं नाही.’

दुपारभर शिडीवर होतो.
सन्स रॉकेलनं निघेना, पॉलिश पेपरनं निघालं,
तरी तिरप्या उन्हात पहिल्या एसचं पोट दिसतंच.
चौघांच्या जागेत नऊ बसवायचे.
यू जरा अंग चोरून उभा केला,
आर आणि एसला म्हटलं, सरका.
जी-एचला मात्र जागा कमी केली नाही.
लिहिता लिहिता घसा खरवडून म्हणून पाहिलं:
डॉख्टर.
पुन्हा: डॉख्टर.
खालून रिक्षावाला ओरडला,
‘उखाभाऊ, कोणता डॉक्टर आला नवा?’
बसतो कधी? फी काय?
मी हसलो.
तोंडातून फ गेला असणार.

लाल रंगाचा एक हात सगळ्यांना,
त्या दोघांना दोन.
बिल केलं. अक्षरं ७.
भाव बाईचा, म्हटलं, मुक्यांचे माफ.

द्वारकाबाईनं बिल उन्हाकडं धरलं.
मग वर पाटीकडं पाहिलं,
एकेका अक्षरावर बोट नाचवत
डावीकडून उजवीकडे, वाचता येत नसताना.
पोरीच्या कानामागचं पेन काढलं
आणि सातावर काट मारून
शेजारी नऊ काढले,
थोडे वाकडे,
पण वळण होतं.