मोरू थांबतो तेव्हा

हर्णै बंदरात बर्फ फोडायला होतो मी,
तेव्हाचं सांगतो.

मोरेश्वर चोगले. लांब मान, तोकडी विजार,
वाळूत चालला तर मागे
दोन वेगळी माणसं गेल्यासारखी पावलं.
हजेरीला गुरुजी विचारायचे, नाव?
मो… मो… मो…
आणि मधल्या सुट्टीची घंटा व्हायची.
आम्ही हसायचो. सगळ्यांत मोठ्याने मी,
हे इथेच लिहून ठेवतो.

बाप होडीसकट बुडाला वगैरे नाही,
नुसताच वेरावळला गेला, तिकडेच राहिला.
यमुनाबाई पाट्या घेऊन लिलावाला उभी राहायची.
एका संध्याकाळी तिचा घसा बसला.
पापलेट ताजं, कल्ले लालबुंद,
आणि भाव पुकारायला पुढे कोण, तर हा.

सा… सा…
दापोलीचा व्यापारी घाईतला : "सातशे? दिले!"
सा… सा…
मागून खेडवाला ओरडला : "साडेसातशे!"
पाटी उचलली गेली, नोटा मोजल्या गेल्या,
मग याच्या तोंडून पुरतं निघालं :
"साडेचारशे म्हणत होतो मी.
पण… तुमचं मन मोडवत नाही."

अख्खा बंदर हसला. गाड्यांचे बैल बुजले.
हसू तेच, शाळेतलं.
फक्त या वेळी पाटी विकली गेली होती.

पुढे गणपतीत नकला,
जाखडीच्या दोन बाऱ्यांमध्ये दहा मिनिटं,
तालुक्याच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ एक स्टीलचा डबा.
मग मुंबई. तिथली सहा वर्षं कुणाला ठाऊक नाहीत.
मसाल्याच्या जाहिरातीत मागे उभा वाढपी
तोच होता, असं रमजान सारंग शपथेवर सांगायचा.

आता रात्री नऊला निळा कोट.
समोर खुर्चीत मंत्री, नट्या, क्रिकेटवाले.
हा प्रश्न अर्धा विचारतो
आणि थांबतो.
पेपरवाले त्याला टायमिंग म्हणतात.
पाहुणा त्या मोकळ्या जागेत घाईने
नको ते बोलून जातो,
आणि मी कारखान्याच्या केबिनमध्ये मांडी थोपटतो :
घ्या, यानेही आपलीच बोली चढवली!

गेल्या चैत्रात थेट कार्यक्रम होता.
थांबला तो. फार वेळ थांबला.
लोक टाळ्या पिटत होते.
ते टायमिंग नव्हतं.
मला कळलं, मी त्याच वर्गात होतो.

त्या रात्री यमुनाबाईच्या ओटीवर
शेजारपाजार जमलेला, हसून लोळत होता.
ती एकटी टीव्हीला नाक लावून,
ओठ मिटून, उघडून, पुन्हा मिटून,
तो अडलेला शब्द
त्याच्या आधी स्वतःच्या तोंडात धरून बसलेली.
"मधी बोलू नका कुणी," म्हणाली,
"येतोय."

आला.
मग तिने पदराने तोंड पुसलं
आणि विचारलं, काय म्हणाला रे,
कशाला हसलात?