एकास चोवीस

इनास पोस्टमन फाटकातूनच हाक मारतो,
"पुन्ना गाडी इली हो तुमची!"
आणि एका तळव्यावर तोलत
दोनशे ग्रॅमची मोटार माझ्या हाती देतो.
"चालवतलात कधी?"
जपानहून मुंबई, मुंबईहून कुडाळ,
कुडाळहून वेंगुर्ले.
कस्टमवाल्याने चिकटपट्टी फाडून पाहिलेली दिसते.
कसले सुटे भाग? गाडीचे.
कुठे जाणार गाडी? कपाटात.

किंमत मी सुलभाला निम्मी सांगतो.
ती ऐकते ते दुप्पट करून धरते.
आमचा हिशोब आजवर चुकलेला नाही.

माळ्यावर एकतीस खोके न उघडलेले.
वर्षाला दोन जुळतात, तेही डोळे चांगले असले तर.
मी त्रेसष्टचा आहे. भागाकार करत नाही.

कागदावरचं अक्षर कळत नाही, बाण कळतात.
नखं कापायच्या कटरने आरसा सोडवतो,
सुलभाच्या कानशीने त्याचा देठ घासतो,
श्वास धरून.
पावसाळ्यात रंग मारू नये, चकाकी दुधाळते;
तरी मारतो, आणि सुटे भाग सुकायला
उकड्या तांदळाच्या डब्यात पुरतो.
एकदा डावीकडचा आरसा
जावयाच्या पानात निघाला.
त्याने तो पुसून, ताटाच्या कडेला
माशाच्या काट्यांपासून वेगळा ठेवला.
चांगला मुलगा आहे.

माडाखाली आमची खरी गाडी उभी होती,
कोल्हापूरहून सेकंडहँड आणलेली मारुती.
घाटावर एकवीस वर्षं टिकली असती.
इथे खाऱ्या वाऱ्याने नवव्या वर्षी
पायाखालून रस्ता दाखवायला सुरुवात केली.
तेल गळायचं. कुठून, ते सावंतवाडीच्या
मेस्त्रीलाही सापडलं नाही.
सुलभा रोज संध्याकाळी खाली पुठ्ठा सरकवायची,
सकाळी काढायची. तक्रार नाही.

भंगारवाला मकबूल येऊन टायरला लाथ मारून गेला.
म्हणाला, सोमवारी टेम्पो आणतो.

तिचं किट कुणी काढलेलं नाही.
तिच्या जपानी चुलत बहिणीचं मिळालं,
नाक थोडं वेगळं, ते पुट्टीने बसवलं.
मग वाचलं की तिकडचे लोक गंज कसा करतात:
आधी तपकिरी रंग, त्यावर पाणी, त्यावर मीठ,
वरून गाडीचा रंग; सुकला की मीठ खरवडायचं.
मी वाचून बराच वेळ हसलो.
मग शिरोड्याचं खडं मीठ कुटलं.

रविवारभर माडाखाली स्टूल टाकून बसलो,
वही मांडीवर, चष्म्यावर चष्मा.
गंज एका रंगाचा नव्हता:
काठाला पिकल्या काजूबोंडासारखा,
मध्ये चहाच्या चोथ्यासारखा,
आणि भोक पडायच्या बेतात तिथे चक्क जांभळा.
मागच्या दाराला पोरीने खिळ्याने काढलेला मासा होता.
तो सुईने काढला, चोवीस पट लहान.
शेपटी चुकली. तिचीही चुकली होती.

सोमवारी टेम्पो आला.
मकबूलने किलोवर भाव केला, मी घासाघीस केली नाही.
गाडी वर चढवताना मागचा बंपर
आपणहून खाली उतरला.

आता ती कपाटात, वरून तिसऱ्या फळीवर,
चौदा चकचकीत गाड्यांच्या मध्ये.
पाव्हणे विचारतात, ही एकच अशी का?
इनासने मात्र काच सरकवून पाहिली,
म्हणाला, "ही चालली आसा."

चाकाच्या कमानीत मिठाचा एक खडा
खरवडायचा राहून गेला असणार.
आषाढात त्याला पाणी सुटलं.
सकाळी फळीवर, गाडीच्या बरोबर खाली,
एक थेंब.
मी फडकं शोधायला आत गेलो.
परत आलो तेव्हा सुलभाने
काडेपेटीचा पुठ्ठा फाडून
खाली सरकवला होता.