गुरुवार, नखांचा

गुरुवारी मी नखं कापते.
ग्रिम्सबीत, फ्रीमन स्ट्रीटमागच्या गल्लीत,
आमच्या मठाच्या खालच्या खोलीत सहा खुर्च्या,
कोमट पाण्याची तीन घमेली,
आणि त्यांत मऊ होत बसलेली
जन्मभर ओल्या डेकवर उभी राहिलेली पावलं.

एकेकाळी आम्ही एकवीस होतो, भिंतीवरचा फोटो सांगतो.
आता तिघी.
सिस्टर ब्रीजिन ब्याण्णवची, तिला वार विचारू नये.
सिस्टर ओन्येका व्हॅन चालवते
ती अजून एनुगूच्या रस्त्यावर असल्यासारखी.
आणि मी, युफेमिया रुमाव, नंदाखालची.
इथल्यांनी युफी केलं,
उरलेलं नाव चहात बुडालं.

बिशप याला मिशन म्हणतात.
लहानपणी माझ्या लेखी मिशन म्हणजे
उन्हानं लाल झालेली एक गोरी सिस्टर,
झग्याच्या खिशात पेपरमिंट,
आणि तिचं मराठी, ज्यात म्हैस ‘तो’ असे.
आम्ही पोट धरून हसायचो.
आता माझ्या इंग्रजीला इथले म्हातारे हसतात.
फिट्टंफाट.

विल्फ कटफर्थ सगळ्यांत आधी येतो.
धाकटा भाऊ आइसलँडकडच्या पाण्यात राहिला
त्या हिवाळ्यापासून देवाशी त्याची बोलाचाल नाही.
बशीत पन्नास पेन्स टाकतो,
‘छपरासाठी. त्याच्यासाठी नव्हे.’
मग खुर्चीत टेकत,
‘प्रार्थना नको हं, अंगठा बघ.’
मी अंगठा बघते.
कालवाच्या शिंपीसारखं जाड, पिवळं नख,
थरावर थर.
तो हॅडकला धुरी देण्याबद्दल बोलतो,
मी काठीवर वाळणाऱ्या बोंबलांबद्दल.
दोघांच्या नाकांना कळतं.

मागच्या महिन्यात कपाट आवरताना
(घर विकायचं घाटतंय, छप्पर ऐकत नाही)
एक वही हाताला लागली. एकोणीसशे चौतीस.
निळ्या शाईत शाळेतल्या मुलींची वर्गणी,
वसईच्या पोरक्या मुलींसाठी:
अर्धा पेनी, एक पेनी, अर्धा पेनी,
‘आयव्ही कटफर्थ, मेथडिस्ट, तरीही सहा पेन्स.’
‘तरीही’खाली रेघ.

त्या वर्षी माझी आई सहा वर्षांची होती.
त्याच बोर्डिंगात, खरजेनं भरलेली,
बापाच्या मागे बावखलाच्या काठानं चालत आलेली.
सहा पेन्सांत काय आलं असेल?
गंधकाचं मलम? एक परकर?
की पाटीवरची नुसती पेन्सिल?

आयव्ही विल्फची आत्या असेल.
नसेलही. इथे कटफर्थ म्हणजे
आमच्याकडचे लोपीस, खडा मारावा तर एकाला लागतो.

त्याला सांगितलेलं नाही.
म्हणेल, ‘मग व्याज फेडायला आलीस होय?’
आणि मला हो म्हणवणार नाही,
नाहीही म्हणवणार नाही,
आणि पाणी तोवर गार होईल.

दुसरा पाय.
याला करंगळी नाही.
जाळ्याचा तारदोर घेऊन गेला, नॉर्वेच्या बाजूला कुठेतरी.
चार नखं कापते.
मग ती रिकामी जागाही टॉवेलनं टिपते,
ओल राहिली की तिथंच चिघळतं.

पुढची खुर्ची मिसेस स्टेबल्सची.
ती अजून मोजे काढायला लाजते.